रीडिंग आले तसे लिहा

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत एक साधा प्रयोग असतो. पांढऱ्या कागदावर पेनाने फुली काढायची, तिच्यावर काचेचा फ्लास्क ठेवायचा, त्यात सोडियम थायोसल्फेटचे द्रावण घ्यायचे, हायड्रोक्लोरिक आम्ल ओतायचे आणि स्टॉपवॉच सुरू करायचे. अभिक्रियेत गंधकाचे बारीक कण तयार होतात. पाण्यासारखे स्वच्छ द्रावण हळूहळू दुधी-पिवळसर होते आणि एका क्षणी वरून पाहणाऱ्याला खालची फुली दिसेनाशी होते. तो क्षण आला की घड्याळ थांबवायचे. थायोसल्फेटची संहती जास्त असेल तर फुली लवकर जाते, कमी असेल तर उशिरा. अभिक्रियेचा वेग संहतीवर अवलंबून असतो ही गोष्ट डोळ्यांना दाखवणारा याहून सोपा प्रयोग क्वचितच सापडेल.

मला मात्र बोलायचे आहे ते घड्याळ थांबवल्यानंतर विद्यार्थी वहीत काय लिहितो त्याबद्दल. आपल्याकडे विज्ञान खरोखर शिकवले जाते की नाही, याची परीक्षा त्या निरीक्षण तक्त्यात होते. आणि माझे स्पष्ट मत असे आहे की त्या परीक्षेत मुले नापास होत नाहीत, त्यांना तसे लिहायला लावणारी आपली पद्धत नापास होते.

प्रत्येक ओळीत १२००

माझी भाची बारावीला आहे. सबमिशनच्या आधी ती घरी बसून जर्नल पूर्ण करत होती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आकड्यांचा तक्ता समोर दिसला की तो वाचल्याशिवाय मला राहवत नाही. तिच्या तक्त्यात पाच ओळी होत्या. थायोसल्फेट १० मिली घेतले तेव्हा १२० सेकंद, २० मिलीला ६०, ३० मिलीला ४०, ४० मिलीला ३० आणि ५० मिलीला २४ सेकंद.

प्रत्येक ओळीतले दोन आकडे गुणून पाहा. दहा गुणिले एकशेवीस, बाराशे. वीस गुणिले साठ, बाराशे. पाचही ओळींत बरोबर १२००.

"ही रीडिंग तुम्ही घेतलेली आहेत का?" मी विचारले.

"नाही मामू, मागच्या वर्षीच्या जर्नलमधली आहेत. सगळ्यांच्या वहीत हीच आहेत. सर म्हणाले, एक्स्टर्नल येतात, उगाच कुणाचं वेगळं नको."

या १२०० ची गोष्ट थोडी उलगडून सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. या अभिक्रियेचा वेग थायोसल्फेटच्या संहतीच्या साधारण प्रमाणात वाढतो. फुली झाकायला दर वेळी तेवढाच गंधक लागतो, म्हणून लागणारा वेळ संहतीच्या व्यस्त प्रमाणात असतो. एकूण आकारमान दर वेळी सारखे ठेवले तर थायोसल्फेटचे मिलीलिटर आणि सेकंद यांचा गुणाकार जवळपास स्थिर यायला हवा. हे झाले पुस्तकातले उत्तर. कुणीतरी, कधीतरी, ते उत्तर समोर ठेवून उलट गणित केले आणि सेकंद लिहून टाकले. तीच रीडिंग वर्षानुवर्षे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत राहिली.

माणसाचा हात, माणसाचा डोळा आणि खरे घड्याळ वापरून असा तक्ता येत नाही. खरा तक्ता साधारण असा दिसेल: १२६, ५८, ४१, २९, २५ सेकंद. त्यांचे गुणाकार करा. १२६०, ११६०, १२३०, ११६०, १२५०. सगळे बाराशेच्या आसपास, पण एकही नेमका बाराशे नाही. हे थोडे वरखाली होणे म्हणजे प्रयोगातला दोष नव्हे. कुणीतरी खरोखर उभे राहून फुलीकडे पाहत होते, याची ती खूण आहे. आपल्या पद्धतीत नेमकी हीच खूण पुसून टाकलेली वही चांगली ठरते.

नीट नोंद म्हणजे नेमके काय?

"प्रामाणिकपणे लिहा" एवढे सांगून भागत नाही. प्रामाणिक मुलालाही नोंद कशी करायची हे शिकवावे लागते. याच प्रयोगावरून एकेक गोष्ट पाहू.

पहिली गोष्ट, तक्ता प्रयोगाच्या आधी आखायचा. रकान्याच्या डोक्यावर राशीचे नाव आणि एकक लिहायचे: "थायोसल्फेट, मिली", "पाणी, मिली", "आम्ल, मिली", "तापमान, अंश सेल्सिअस", "वेळ, सेकंद". एकक एकदा वर लिहिले की खाली फक्त आकडे येतात. स्टॉपवॉचवर १:३८ दिसले तर ते ९८ सेकंद आहेत. घाईत कुणी १.३८ लिहून ठेवले, तर महिन्याभराने ते मिनिटे होती की सेकंद, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट, काय बदलले आणि काय तसेच ठेवले, दोन्ही लिहायचे. १० मिली थायोसल्फेट घेतले तर ४० मिली पाणी घालायचे, २० मिलीला ३० मिली पाणी, म्हणजे बेरीज नेहमी ५०. आम्ल दर वेळी १० मिली. फ्लास्क तोच, फुली तीच, पाहणारा डोळाही तोच. द्रावणाची खोली बदलली की फुली झाकायला लागणारा गंधक बदलतो. एक मित्र "गेली" म्हणतो तेव्हा दुसऱ्याला फुली अजून अंधुक दिसत असते. निरीक्षक मध्येच बदलला असेल तर तशी नोंद तक्त्यात हवी.

तिसरी गोष्ट, तापमान. बहुतेक जर्नलांत ते वर एकदाच लिहिलेले असते आणि तेही अनेकदा अंदाजाने. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. या हिशेबाने तीन अंशांच्या फरकानेसुद्धा वेग सुमारे पाचव्या हिश्शाने वाढतो. आपल्याकडे मार्चमध्ये सकाळी आठला सुरू झालेले प्रात्यक्षिक अकराला संपेपर्यंत पत्र्याच्या छपराखालच्या प्रयोगशाळेत तीन अंश सहज वाढतात. मग शेवटचे रीडिंग लवकर आले ते संहतीमुळे की उन्हामुळे? प्रत्येक ओळीत तापमान लिहिलेले असेल तर उत्तर सापडते. लिहिलेले नसेल तर नुसता वाद घालता येतो.

चौथी गोष्ट, आकडा किती खोलवर खरा आहे याचे भान. मोबाइलचे स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवते. म्हणून मुले ४१.३७ सेकंद लिहितात आणि ते अधिक शास्त्रीय वाटते. पण डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबायलाच माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा लागतो. त्यातून फुली "गेली" असे नक्की कधी म्हणायचे यात एक-दोन सेकंदांचा फरक सहज पडतो. दशांश चिन्हापुढचे ते ३७ घड्याळाचे आहेत, अभिक्रियेचे नाहीत. इथे ४१ सेकंद लिहिणे अधिक खरे. वेगासाठी आपण १ भागिले वेळ काढतो. कॅल्क्युलेटर ०.०२४३९०२४ असे उत्तर देतो. त्यातले ०.०२४ एवढेच आपले, बाकी कॅल्क्युलेटरचे. अंक कमी लिहिणे हासुद्धा खरेपणाचा भाग आहे.

पाचवी गोष्ट, प्रत्येक मापन तीनदा करायचे आणि तिन्ही रीडिंग लिहायची. ३९, ४३, ४१ आले तर सरासरी ४१, आणि इकडेतिकडे दोन सेकंद. ही "दोन सेकंद" लिहिली की वाचणाऱ्याला कळते की ४१ आणि ४२ मध्ये फरक मानायचा नाही, पण ४१ आणि ५८ मध्ये मानायचा.

सहावी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. खोडरबर वापरायचे नाही. नोंद पेनाने करायची. चुकले असे वाटले तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहायचे. समजा ३० मिलीच्या ओळीत तीन रीडिंग आली: ३९, ४३ आणि ५८. सवयीप्रमाणे मुलगा ५८ खोडून ४० करेल. पण ते ५८ तसेच राहू द्या आणि तक्ता पुन्हा वाचा. वरच्याच ओळीत, २० मिलीला, ५८ सेकंद आलेले आहेत. म्हणजे तिसऱ्या वेळी ३० च्या जागी २० मिली थायोसल्फेट पडले असण्याची दाट शक्यता आहे. पुन्हा करून पाहा, कळेल. खोडलेल्या आकड्याने हे कधीच सांगितले नसते. चूक कुठे झाली हे चुकीचा आकडाच सांगतो, पण तो वहीत टिकला तरच.

फसफसणारी गोळी

भाचीसोबत मी एका रविवारी घरीच एक प्रयोग केला. आम्ल वगैरे घरात नकोच. शाळेतल्या या प्रयोगात सल्फर डायऑक्साइड वायूही निघतो, दम्याच्या मुलांना त्याचा त्रास होतो, तेव्हा तो खेळत्या हवेच्या प्रयोगशाळेतच व्हावा. आम्ही औषधाच्या दुकानातून पाण्यात फसफसणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची नळी आणली. फ्रिजचे पाणी, माठाचे पाणी आणि कोमट पाणी, प्रत्येकी एक मोठा कप, आणि प्रत्येकाची तीन रीडिंग.

पहिल्याच गोळीला आमचे भांडण झाले. "संपली" कधी म्हणायचे? गोळीचा शेवटचा कण दिसेनासा झाला तेव्हा, की बुडबुडे थांबले तेव्हा? दोन्हींत बराच फरक पडत होता. शेवटी तिने पानाच्या वर लिहिले: "गोळीचा तुकडा पूर्ण दिसेनासा होईपर्यंतचा वेळ". मला त्या दुपारचे सर्वांत मोठे शिक्षण या ओळीत झालेले दिसते. काय मोजतो आहोत हे मोजण्याआधी शब्दांत लिहावे लागते, ही गोष्ट छापील जर्नल कधी शिकवत नाही, कारण तिथे ते वाक्य आधीच छापलेले असते.

कोमट पाणी मोजणी चालू असतानाच निवत होते, म्हणून तिने तापमान सुरुवातीला आणि शेवटी असे दोनदा लिहायला घेतले. माठाच्या पाण्यातले एक रीडिंग इतर दोहोंपेक्षा बरेच कमी आले. ती म्हणाली, "हे चुकलं, पुन्हा घेऊया." पुन्हा घेतले, पण आधीचे खोडले नाही. शेजारी लिहिले, "गोळी नळीतून काढतानाच तुटलेली होती." मग तिनेच विचार केला. तुटलेल्या गोळीचा पृष्ठभाग जास्त, पाण्याशी संपर्क जास्त, म्हणून वेग जास्त. अभिक्रियेच्या वेगावर पृष्ठभागाचा परिणाम होतो हे वाक्य तिने शाळेपासून पाठ केलेले होते. ते कळले त्या दिवशी, "चुकलेल्या" रीडिंगमुळे.

पान भरल्यावर तिने विचारले, "मामू, असं जर्नलमध्ये लिहिलं तर चालेल का हो? काटछाट, गोळी तुटली, वगैरे?"

मला वाटते, आपल्या विज्ञान शिक्षणाबद्दलचा सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे. खरे लिहिले तर चालेल का? कॉलेजात तिने बाकीच्यांसारखी बाराशेवालीच वही दिली. बारावीला प्रत्येक विज्ञान विषयाचे ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. सतरा वर्षांच्या मुलीने त्या गुणांवर पाणी सोडून एकटीने पद्धतीशी भांडावे, अशी अपेक्षा मी करत नाही. भांडायचे असेल तर ते आपण मोठ्यांनी भांडायला हवे.

एक बुडबुडा आणि १०९ वर्षे

कुणी म्हणेल, सेकंद-दोन सेकंदांनी काय बिघडते? निष्कर्ष तर बरोबरच आहे. यावर विज्ञानाच्या इतिहासातले एक उदाहरण देतो.

१७८५ मध्ये हेन्री कॅव्हेन्डिश या इंग्रज शास्त्रज्ञाने हवेतल्या नायट्रोजनवर प्रयोग केले. विजेच्या ठिणग्या सोडून त्याने सगळा नायट्रोजन संपवायचा प्रयत्न केला. शेवटी एक छोटासा बुडबुडा उरला, तो काही केल्या जाईना. तो मूळ वायूच्या १/१२० भागापेक्षा जास्त नव्हता. निष्कर्षाच्या दृष्टीने तो नगण्य होता. कॅव्हेन्डिशने तरीही त्याची नोंद केली.

शंभर वर्षांनंतर लॉर्ड रॅले वायूंच्या घनता मोजत होते. हवेपासून मिळवलेला नायट्रोजन आणि रासायनिक संयुगांपासून मिळवलेला नायट्रोजन यांच्या घनतेत थोडासा फरक येत होता. एवढा फरक कुणीही "प्रयोगातली चूक" म्हणून सोडून दिला असता. रॅले यांनी १८९२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून तो फरक जाहीर केला आणि कुणाला कारण सुचते का, असे विचारले. पुढे विल्यम रॅम्झी या कामात आले, कॅव्हेन्डिशची जुनी नोंद पुन्हा वाचली गेली, आणि १८९४ मध्ये या दोघांनी हवेत एक नवाच वायू असल्याचे जाहीर केले. तो वायू म्हणजे आरगॉन. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हवेत जवळपास एक टक्का असलेला वायू तोवर सगळ्यांच्या नाकासमोर होता. कॅव्हेन्डिशने तो बुडबुडा "उगाच वेगळं नको" म्हणून वहीतून वगळला असता, किंवा रॅले यांनी तो थोडासा फरक जुळवून घेतला असता, तर तो आणखी किती काळ दडून राहिला असता कोण जाणे.

ही सवय पुढे कुठे जाते?

बारावीची बहुतेक मुले रसायनशास्त्रज्ञ होणार नाहीत. पण नोंदी करणे कुणाला चुकत नाही.

माझ्या कामात लॉग नावाची गोष्ट असते. संगणकप्रणालीत कधी काय घडले, याची ती वेळेसह नोंद असते. तिचा पहिला नियम असा की जुनी ओळ कुणी बदलायची नाही. दुरुस्ती करायची तर नवी ओळ लिहायची. रात्री दोन वाजता एखादी सेवा बंद पडते तेव्हा कारण शोधायला तोच एक साक्षीदार असतो. कामावर नव्याने येणाऱ्या हुशार मुलामुलींना हे समजावून सांगावे लागते, कारण बारा-चौदा वर्षांच्या शिक्षणात त्यांनी नोंद म्हणजे साहेबांना दाखवायची गोष्ट, एवढेच पाहिलेले असते.

एककांचेच घ्या. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झाले. एका बाजूच्या सॉफ्टवेअरने जोराचे आकडे पौंडाच्या एककात दिले होते आणि दुसरी बाजू ते न्यूटनच्या एककात आहेत असे धरून चालली होती. रकान्याच्या डोक्यावर एकक लिहायचा आग्रह शिक्षक धरतात, तो यासाठी.

आता आपल्या आसपास या. रक्तदाबाच्या नोंदींत शेवटचा अंक शून्य असण्याचे प्रमाण वाजवीपेक्षा बरेच जास्त असते, हे जगभर दिसून आलेले आहे. मोजणारा नकळत सोयीच्या आकड्याकडे सरकतो. अंगणवाडीत बाळाचे वजन केले जाते आणि वाढीच्या तक्त्यावर ठिपका दिला जातो. मागच्या महिन्याचे वजन पाहून अंदाजाने शंभर ग्रॅम वाढवून लिहिले, तर तक्त्यावर बाळ छान वाढत राहते आणि प्रत्यक्षात ते खंगत असले तरी कुणाला कळत नाही. गावाच्या पाण्यात क्लोरीन किती, धरणात पाणी किती, पाऊस किती मिलिमीटर, या सगळ्या नोंदी कुणीतरी माणूस कुठल्या तरी वहीत करत असतो. तो माणूस कधीतरी शाळेत होता. नोंद म्हणजे काय, हे तो तिथे शिकला, किंवा शिकला नाही.

आपल्या संविधानाच्या ५१ अ या अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आहेत. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे त्यांतले एक. त्यावर आपण भाषणे करतो, निबंध स्पर्धा घेतो. पण वैज्ञानिक दृष्टिकोनाचे सर्वांत लहान, रोजचे रूप काय? समोर जे दिसले ते, आपल्याला हवे होते तसे नसले तरी, लिहून ठेवणे. अपेक्षित उत्तर आधी ठरवून पुरावा त्याला जुळवणे ही नेमकी उलटी सवय. अफवा, बुवाबाजी आणि एखाद्या समाजाबद्दलचे पूर्वग्रह याच सवयीवर जगतात. ती सवय आपण मुलांना विज्ञानाच्याच तासाला लावतो, ही काळजीची गोष्ट आहे.

अडचणी खऱ्या आहेत

शिक्षकांवर सगळे ढकलून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. एका तुकडीत साठ-सत्तर मुले, प्रयोगशाळेत चार चालू नळ, थायोसल्फेट मागवून महिने झालेले, प्रयोगशाळा सहायकाचे पद रिकामे, असे चित्र अनेक ठिकाणी आहे. दुसरीकडे, नाव एका कॉलेजात आणि बसायचे खासगी क्लासमध्ये, अशी सोय आता उघड चालते. तिथे जर्नल तर विकतच मिळते. अशा वेळी सर "उगाच वेगळं नको" म्हणतात ते मुलांच्या गुणांच्या काळजीपोटी. परीक्षक एका दिवसात शेकडो वह्या पाहतात. जुळणारा तक्ता दिसला की सही होते, न जुळणारा दिसला की प्रश्न विचारले जातात. या परिस्थितीत शहाणा माणूस जुळणाराच तक्ता देईल.

या सगळ्यात सर्वाधिक तोटा होतो तो साध्या घरातल्या मुलांचा. ज्यांच्या घरी विचारायला कुणी शिकलेले माणूस आहे, ते रविवारी गोळ्या विरघळवून पाहतील. ज्या मुलीच्या घरात ती पहिलीच बारावीला पोहोचली आहे, तिच्यासाठी कॉलेजची प्रयोगशाळा हीच एक जागा आहे. तिथेही तिला फक्त सुंदर अक्षरात उतरवून काढणे शिकवले, तर पुढे अभियांत्रिकीत किंवा नर्सिंगमध्ये ती अडखळेल आणि आपण म्हणू, "यांचा पाया कच्चा असतो."

खर्च न करता काय करता येईल?

बहुतेक उपायांना पैसा लागत नाही.

एक, प्रत्येक विद्यार्थ्याकडे पानांवर क्रमांक घातलेली एक साधी कच्ची वही असावी. रीडिंग थेट तिच्यात, पेनाने, तारखेसह. प्रात्यक्षिक संपताना शिक्षकांनी त्याच पानावर सही करावी. पक्के जर्नल नंतर लिहावे, पण तोंडी परीक्षेला कच्ची वहीच समोर असावी.

दोन, गुणांची वाटणी बदलावी. उत्तर अपेक्षेच्या किती जवळ आले याला कमी आणि नोंदीला जास्त गुण द्यावेत. एकके आहेत का, तापमान आहे का, तीन रीडिंग आहेत का, वेगळ्या आलेल्या रीडिंगबद्दल एक तरी वाक्य आहे का. वर्गातल्या सगळ्यांचे आकडे तंतोतंत सारखे असतील तर परीक्षकांना शंका यावी. आकडे थोडे वेगळे असतील तर समाधान वाटावे.

तीन, जे घडले तेच लिहायची मुभा द्यावी. प्रयोग सहा जणांच्या गटाने केला तर तसे लिहा. शिक्षकांनी टेबलावर करून दाखवला आणि मुलांनी फक्त वेळ मोजली तर तसे लिहा. रसायन नव्हते म्हणून प्रयोग झाला नाही, तर "प्रयोग झाला नाही" असे लिहा. पाच वर्षे प्रत्येक वहीत "प्रयोग झाला नाही" अशी ओळ दिसली तर निदान त्या प्रयोगशाळेची दुरवस्था कुठेतरी नोंदली जाईल. आज खोट्या रीडिंगच्या आड तीही झाकली जाते.

चार, वर्गातल्या सगळ्या गटांची रीडिंग फळ्यावर एकत्र मांडावीत. दहा गटांनी ३० मिलीसाठी आणलेले सेकंद एका ओळीत लिहिले की मुलांना सरासरी, फरक आणि चुकलेले माप हे सगळे एका तासात दिसते. एका गटाला एकच मापन आले तरी भागते, त्यामुळे रसायनही कमी लागते.

पाच, हे पालकांसाठी. मुलाच्या जर्नलचे अक्षर पाहून शाबासकी देण्याआधी एक प्रश्न विचारा, "यातलं कुठलं रीडिंग तू स्वतः घेतलंस?" आणि आजूबाजूच्या मुलांसाठी सुट्टीत अभ्यासिका, वाचनालये, शिबिरे चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी एखादा रविवार अशा मोजणीसाठी ठेवावा. घड्याळ, थर्मामीटर, फसफसणाऱ्या गोळ्या आणि वही, एवढे साहित्य पुरते.

फुलीचा प्रयोग मुलांना रसायनशास्त्राचा एक नियम शिकवतो. तो नियम पुस्तकातही आहे, मोबाइलवरही आहे. निरीक्षण तक्ता त्यांना जे शिकवू शकतो ते दुसरीकडे सहज मिळत नाही: माझ्या डोळ्यांना ५८ दिसले, मी ५८ लिहिले, आणि त्याबद्दल मला कुणी रागावले नाही. एवढा भरवसा प्रत्येक मुलाला देणे आपल्या हातात आहे. यंदाच्या प्रात्यक्षिकांपासूनच तो देऊ या.